घरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग: इंदूरकरांसाठी पहिल्यापासून

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे बाहेरून आलेली मागणी घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवणारा राउटरचा नियम. त्याचं पान उघडून त्यातले रकाने भरायला पाच मिनिटं पुरतात. वेळ जातो तो आधी आणि नंतर. आधी, आपल्या घरापर्यंत बाहेरून कुणाला पोचता तरी येतं का हे बघण्यात. नंतर, सगळं भरूनही चालत नसेल तर गाडं कुठे अडलंय ते शोधण्यात. बहुतेक व्हिडिओ मधली पाच मिनिटंच दाखवतात, आणि म्हणून लोक सगळं बरोबर भरतात तरी काही होत नाही.

इंदूरच्या घरांत ही गरज साधारण तीन कारणांनी निघते. सुदामानगरातल्या घरचे कॅमेरे पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला बघायचे असतात. सियागंजातल्या दुकानाच्या संगणकावरचं टॅली रात्री घरून उघडायचं असतं. किंवा सुट्टीत पोरांना नागपूरच्या आतेभावंडांबरोबर माइनक्राफ्ट खेळायचं असतं आणि सर्व्हर घरच्याच जुन्या संगणकावर चालवायचा असतो. या तिन्हींत पोर्ट उघडण्याजोगं काम एकच आहे, तिसरं. पहिल्या दोन कामांसाठी पोर्ट उघडणं धोक्याचं आहे आणि त्याहून सोपा रस्ता उपलब्ध आहे. तो पुढे येईल. तोवर उदाहरण माइनक्राफ्टचंच घेऊ.

एक बारीक सूचना: इथे आकडे देवनागरीत छापले आहेत. राउटरच्या पानावर ते इंग्रजीतच टाकायचे.

राउटर बाहेरच्याला का अडवतो

घरातल्या फोन, टीव्ही, लॅपटॉपना राउटर जे आयपी पत्ते (उपकरणाचे आकड्यांतले पत्ते) वाटतो ते खासगी असतात: १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे, किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधले. हेच पत्ते जगभर लाखो घरांत एकाच वेळी वापरात असल्यामुळे इंटरनेटवर त्यांना काही अर्थ नाही. म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मागणीवर राउटर स्वतःचा एकच पत्ता लावतो आणि ती मागणी आतल्या कुठल्या उपकरणाची होती हे आपल्या तक्त्यात टिपून ठेवतो. उत्तर आलं की तक्ता बघून ते योग्य जागी पोचवतो. याला नॅट म्हणतात.

न मागता बाहेरून काही आलं तर तक्त्यात त्याची नोंदच नसते. जुन्या वाड्याला रस्त्यावर पत्ता एकच आणि आत आठ बिऱ्हाडं. पाकिटावर बिऱ्हाड लिहिलेलं नसेल तर पोस्टमन परत जातो, तसंच हे. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे राउटरला कायमची दिलेली एक ओळ: अमुक क्रमांकाच्या पोर्टवर आलेलं सगळं, न विचारता, आतल्या तमुक पत्त्यावर द्यायचं. पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरचा कुठला प्रोग्राम ते सांगणारा आकडा. हे क्रमांक ६५५३५ पर्यंत जातात, आणि टीसीपी व यूडीपी या माहिती पाठवायच्या दोन पद्धतींचे पोर्ट वेगवेगळे धरले जातात. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर टीसीपी २५५६५ वर ऐकतो. फोनवर चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीचा यूडीपी १९१३२ वर. नियमात पद्धत चुकली की क्रमांक बरोबर असूनही काही पोचत नाही.

आधी हे बघा: पब्लिक आयपी आहे का?

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्या, एकच सलग शब्द. ‘डीफॉल्ट गेटवे’ समोर जो पत्ता दिसेल तो राउटरचा. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो; जिओच्या बॉक्सवर १९२.१६८.२९.१. हा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. लॉगिन आणि पासवर्ड बॉक्सच्या खाली किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवर असतात. ऑपरेटरच्या बऱ्याच बॉक्सना दोन लॉगिन असतात आणि पट्टीवर छापलेलं असतं ते कमी अधिकारांचं. त्यात पोर्ट फॉरवर्डिंगचं पानच दिसत नसेल तर मेनू धुंडाळत बसू नका, ऑपरेटरकडे पूर्ण अधिकारांचं लॉगिन मागा किंवा नियम त्यांच्याकडूनच टाकून घ्या.

आत गेल्यावर ‘स्टेटस’ किंवा ‘इंटरनेट’ पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, शोधा आणि कागदावर उतरवा. मग गुगलला ‘व्हॉट इज माय आयपी’ विचारा आणि येणारा पत्ता शेजारी लिहा. दुसरा पत्ता लांबलचक आणि विसर्गासारख्या दुहेरी टिंबांचा आला तर तो आयपीव्ही६ आहे. आपल्याला इथे चार आकड्यांचा आयपीव्ही४ हवा, तो दाखवणारं दुसरं संकेतस्थळ वापरा. संगणकावर व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारी खासगी, कुलूपबंद वाट) चालू असेल तर आधी बंद करा.

दोन्ही पत्ते तंतोतंत एक असतील तर पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता, तुमच्याकडे आहे, पुढे जा. वॅन आयपी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे ऑपरेटरकडेही एक मोठं नॅट बसलंय, तुमच्यासारख्या अनेक घरांचा बाहेरचा पत्ता एकच आहे, आणि त्या मोठ्या यंत्रावर नियम टाकायचा अधिकार तुम्हाला नाही. अशा वेळी घरच्या राउटरवर काहीही भरा, बाहेरचा माणूस तिथपर्यंत येतच नाही.

ऑपरेटर असं का करतात त्याला कारण आहे. आयपीव्ही४ चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले, आणि भारत ज्या आशिया-प्रशांत विभागात येतो तिथली टंचाई त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाली. १००.६४ चा पट्टा २०१२ मध्ये खास या कामासाठी राखून ठेवला गेला. फायबर आपल्याकडे घरोघरी पोचलं ते त्यानंतर, त्यामुळे नव्या जोडण्यांवर सीजीनॅट असणं हेच नेहमीचं झालंय.

वॅन आयपी १९२.१६८, १० किंवा १७२ च्या खासगी पट्ट्यातला निघाला तर दोन शक्यता आहेत. घरात दोन राउटर एकापुढे एक लागलेले असतील, नाहीतर ऑपरेटरने सीजीनॅटसाठी हाच पट्टा वापरला असेल. घरात खोके किती आहेत ते मोजा म्हणजे कळेल.

सीजीनॅट असेल तर ऑपरेटरला फोन करा. इंदूरात हे बोलणं हिंदीतच होणार, आणि नुसतं ‘स्टॅटिक आयपी’ म्हटलंत तर समोरचा कधी कधी घरातल्या १९२.१६८ च्या पत्त्याबद्दल बोलू लागतो. सरळ म्हणा: “भैया, मेरा कनेक्शन सीजी-नैट पर है। मुझे पब्लिक आईपी चाहिए, वैन वाला। मिलेगा क्या, और चार्ज कितना?” काही जण वेगळे पैसे घेऊन स्थिर पत्ता देतात, काही जण घरगुती प्लॅनवर देतच नाहीत. ‘कर दिया’ असं उत्तर आलं की राउटर बंद करून चालू करा आणि दोन्ही पत्ते पुन्हा जुळवून बघा. जुळले तरच काम झालं समजा.

घरात दोन राउटर

ऑपरेटरचा बॉक्स हॉलमध्ये, आणि वरच्या मजल्यावर रेंज येत नाही म्हणून जेल रोडवरून आणलेला दुसरा राउटर. ही जोडी इथल्या दुमजली घरांत सर्रास दिसते. दुसरा राउटरही नॅट करत असेल तर बाहेरून आलेलं पहिल्याच बॉक्सवर थांबतं.

यावर सगळ्यांत कमी कटकटीचा उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये टाकणं. मग तो फक्त वायफाय पसरवतो, पत्ते वाटायचं काम पहिल्याकडेच राहतं आणि नियमही तिथेच टाकायचा. जुन्या मॉडेलमध्ये हा मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याला पहिल्या बॉक्सच्या मालिकेतला एक मोकळा पत्ता द्या आणि पहिल्याकडून येणारी केबल निळ्या वॅन खाचेऐवजी लॅनच्या, म्हणजे घरातल्या उपकरणांच्या, खाचेत घाला.

ऑपरेटरचा बॉक्स ‘ब्रिज’ करून नॅट आपल्या राउटरवर घेणं हा दुसरा उपाय. त्यासाठी पीपीपीओईचं, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या लॉगिनचं, नाव आणि पासवर्ड ऑपरेटरकडून घ्यावा लागतो, आणि बॉक्सवर चालणारा लँडलाइन फोन किंवा टीव्ही बंद पडू शकतो. विचारल्याशिवाय करू नका. आणि दोन्ही राउटर जसेच्या तसे ठेवायचे असतील तर नियम दोनदा टाकावा लागेल: पहिल्या बॉक्सवर दुसऱ्या राउटरच्या वॅन पत्त्याकडे, दुसऱ्यावर संगणकाकडे.

संगणकाला कायमचा पत्ता

नियमात आतला पत्ता लिहावा लागतो, आणि राउटर तो पत्ता मनात येईल तेव्हा बदलू शकतो. आज संगणक १९२.१६८.१.५ वर आहे. चार दिवसांनी तो पत्ता कुणाच्या फोनला मिळाला की नियम त्या फोनकडे बोट दाखवत राहतो. ‘परवापर्यंत चालत होतं’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

राउटरमध्ये डीएचसीपीच्या पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ असतं. तिथे संगणकाचा मॅक पत्ता आणि त्याला द्यायचा आयपी, समजा १९२.१६८.१.५०, लिहून ठेवा. मॅक पत्ता म्हणजे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. आयपीकॉन्फिगपुढे जागा सोडून तिरपी रेघ आणि ‘ऑल’ दिलं की ‘फिजिकल ॲड्रेस’ समोर दिसतो. केबलच्या जोडणीचा मॅक वेगळा आणि वायफायचा वेगळा, म्हणून ज्या जोडणीने सर्व्हर चालणार तिचाच घ्या. सर्व्हरसाठी केबलच बरी. वायफायवर ठेवायचा असेल तर त्या नेटवर्कसाठी ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेस’ बंद करा, नाहीतर मॅक बदलेल आणि राखीव पत्ता हातचा जाईल.

केबल काढून पुन्हा लावा आणि नवा पत्ता मिळाला याची खात्री करूनच पुढे सरका.

आधी घरातल्या घरात चालवून बघा

ही पायरी सगळे गाळतात. राउटरला हात लावण्याआधी घरातल्याच दुसऱ्या लॅपटॉपवरून १९२.१६८.१.५० ला जोडून बघा. इथेच जोडत नसेल तर राउटरचा काही संबंध नाही.

कारणं साधारण ठरलेली असतात. एक, सर्व्हर फक्त स्वतःच्याच संगणकाचं ऐकतोय. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट, मग जागा, मग उणे चिन्ह आणि लगेच ए-एन-ओ असं द्या. यादीत २५५६५ समोर ०.०.०.० असेल तर ठीक. १२७.०.०.१ असेल तर तो बाहेरचं घेणार नाही. माइनक्राफ्टच्या सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज फायलीत ‘सर्व्हर-आयपी’ पुढची जागा कोरी ठेवा. दोन, विंडोजची फायरवॉल. पहिल्यांदा सर्व्हर चालू केल्यावर परवानगीची खिडकी येते आणि घाईत कुणीतरी ‘कॅन्सल’ दाबलेलं असतं. फायरवॉलच्या ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये ‘इनबाउंड रूल्स’ उघडा. जावाच्या नावाचे अडवणारे नियम तिथे असतील तर काढा, कारण विंडोजमध्ये अडवणारा नियम परवानगीच्या नियमाला भारी पडतो. मग टीसीपी २५५६५ साठी नवा परवानगीचा नियम करा. घरच्या नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ लागला असेल तर तो ‘प्रायव्हेट’ करा. चाचणीपुरती फायरवॉल पूर्ण बंद करायचा मोह होतो. केलीत तर दोन मिनिटांत परत चालू करा. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते, तीही तपासा.

सर्व्हर ताजा ठेवा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत मोठं भगदाड सापडलं. माइनक्राफ्टमध्ये नुसत्या चॅटच्या एका ओळीने सर्व्हर ताब्यात घेता येत होता, आणि दुरुस्ती १.१८.१ या आवृत्तीत आली. त्याआधीची आवृत्ती दुरुस्ती न करता इंटरनेटवर उघडी ठेवू नका. ‘व्हाइट-लिस्ट’ चालू करून फक्त भावंडांची नावं घाला, आणि ‘ऑनलाइन-मोड’ बंद करू नका. तो बंद केला की कुणीही कुणाच्याही नावाने आत येतो.

नियम भरणं

आता ती पाच मिनिटं. टीपी-लिंकमध्ये हे पान ‘ॲडव्हान्स्ड’ खाली ‘नॅट फॉरवर्डिंग’मध्ये ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ किंवा ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ नावाने असतं. ऑपरेटरच्या बॉक्सवर ‘ॲप्लिकेशन’, ‘नॅट’ किंवा ‘फॉरवर्ड रूल्स’ खाली.

नाव काहीही द्या, पण सहा महिन्यांनी ओळखू येईल असं. ‘टेस्ट१’ नको. बाहेरचा पोर्ट २५५६५, आतला पोर्ट २५५६५. सुरुवात आणि शेवट असे दोन रकाने असतील तर दोन्हींत तोच आकडा. पट्टा द्यायचा नाही. आतला आयपी १९२.१६८.१.५०. पद्धत टीसीपी. ‘बोथ’चा पर्याय दिसेल, पण गरज नसलेली यूडीपी कशाला उघडायची? ‘रिमोट होस्ट’ किंवा ‘सोर्स आयपी’ हा रकाना म्हणजे बाहेरून कुणाला येऊ द्यायचं ते. कोरा ठेवला की सगळ्यांना. भावंडांकडे स्थिर आयपी असेल तर तो इथे लिहिणं उत्तमच, पण घरगुती जोडणीवर तो क्वचितच असतो. आपला स्वतःचा आयपी चुकून इथे टाकला तर नियम कुणासाठीच चालत नाही.

ऑपरेटरच्या बॉक्सवर आणखी एक रकाना फसवतो: वॅन इंटरफेस. तिथे इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांच्या लांबलचक नावांची यादी असते. एक फोनची, एक कंपनीने दुरून बॉक्स सांभाळण्यासाठी ठेवलेली टीआर-०६९ ची, एक इंटरनेटची; कधी शेवटची दोन एकत्र असतात. ज्याच्या नावात ‘इंटरनेट’ आहे ते निवडा. भलतं निवडलं तरी बॉक्स नियम विनातक्रार साठवून घेतो. शेवटी ‘एनेबल’ची खूण आणि ‘सेव्ह’ किंवा ‘अप्लाय’.

‘डीएमझेड’ हा पर्याय शेजारीच असतो आणि त्यात एकच पत्ता भरायचा असल्याने तो सोपा वाटतो. संगणकाचा पत्ता तिथे टाकला की इतर कुठल्या नियमात न बसणारं बाहेरचं सगळं त्या संगणकावर येऊन आदळतं. डीएमझेडचा एकच उपयोग आम्ही योग्य मानतो: दोन राउटर असताना पहिल्या बॉक्सवरून दुसऱ्या राउटरकडे सगळं वळवणं, कारण दुसऱ्याची स्वतःची फायरवॉल पुढे उभी असते.

चाचणी बाहेरून घ्या

फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा आणि मग तपासा. घरच्या वायफायवरून आपलाच पब्लिक आयपी टाकून बघितलं तर पुष्कळ राउटर ते वळवून परत आत आणत नाहीत. बाहेरून व्यवस्थित चालणारा नियम घरातून बंद दिसतो, आणि मग लोक चांगला नियम मोडून ठेवतात. पोर्ट तपासणारी संकेतस्थळंही चालतील, पण सर्व्हर चालू असतानाच. पोर्टवर ऐकणारा प्रोग्राम बंद असेल तर नियम कितीही बरोबर असो, उत्तर ‘क्लोज्ड’ असंच येणार.

चालत नसेल तर चूक कशी दिसते त्याकडे नीट बघा. लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर पाकीट कुठल्यातरी यंत्रापर्यंत पोचलं आणि त्याने नकार दिला. म्हणजे पत्ता जिवंत आहे. एक तर त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही, किंवा नियम लागूच झाला नसल्याने राउटरनेच हाकललं. बराच वेळ थांबून ‘टाइम्ड आउट’ आलं तर पाकीट वाटेत गडप झालं: सीजीनॅट, पहिला राउटर, चुकीचा आतला पत्ता किंवा विंडोजची फायरवॉल. यात एक मेख आहे. विंडोजची फायरवॉल चालू असताना बंद पोर्टवर आलेल्याला ती नकारही देत नाही, गप्प बसते. म्हणून ‘टाइम्ड आउट’ दिसलं तरी सर्व्हर चालू आहे ना ते आधी बघा. अंदाज करत बसायचं नसेल तर संगणकावर वायरशार्क हा मोफत प्रोग्राम टाका, २५५६५ पोर्टची चाळणी लावा आणि फोनवरून पुन्हा प्रयत्न करा. पाकीट येताना दिसलं तर राउटर निर्दोष, दोष संगणकात. काहीच दिसलं नाही तर दोष बाहेर.

बाहेरच्या पोर्टसाठी ८०, ४४३ किंवा ८०८० निवडले असतील तर राउटरचं स्वतःचं व्यवस्थापनाचं पान तिथे बसलेलं असू शकतं. काही ऑपरेटर ८० आणि २५ वरच अडवतात. बाहेरचा आकडा बदलून बघा. आतला तोच ठेवला तरी चालतं.

लाईट गेली की पत्ता बदलतो

स्थिर आयपीचे पैसे भरले नसतील तर राउटर बंद-चालू झाल्यावर पब्लिक आयपी बदलू शकतो, आणि पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको. यासाठी डायनॅमिक डीएनएस वापरतात: एक कायमचं नाव, आणि त्यामागचा आकडा आपोआप ताजा होत राहतो. डकडीएनएस मोफत आहे. नो-आयपीच्या मोफत खात्याला दर ३० दिवसांनी नाव चालू असल्याची पुष्टी द्यावी लागते. विसरलात की नाव जातं. दोन राउटर असतील तर ताजं करणारा प्रोग्राम राउटरवर न ठेवता संगणकावर चालवा, कारण राउटर आपला खासगी वॅन पत्ताच नोंदवून मोकळा होऊ शकतो.

लाईट परत आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हायला हवा असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या सेटिंगमध्ये) ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ अशा अर्थाचं सेटिंग असतं. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेण्याआधी ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर बघून जा: व्होल्ट तेवढेच हवेत, ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त.

कॅमेरा आणि टॅलीसाठी पोर्ट उघडू नका

कॅमेरे बसवणारा माणूस अजूनही डीव्हीआरसाठी (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या खोक्यासाठी) ८०००, ३७७७७ असे पोर्ट उघडून देतो आणि पासवर्ड कारखान्यातलाच ठेवून जातो. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर पकडले. त्याच्याकडे कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डांची यादी होती, दुसरी हुशारी लागलीच नाही. त्या उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससकट अनेक मोठी संकेतस्थळं काही तास अडखळली.

दुकानाच्या टॅलीसाठी रिमोट डेस्कटॉपचा (दुरून संगणकाचा पडदा चालवण्याच्या विंडोजच्या सोयीचा) पोर्ट ३३८९ उघडणं त्याहून वाईट. तिथे पासवर्डांचा मारा दिवसरात्र चालतो, आणि २०१९ मध्ये सापडलेल्या ब्लूकीप या त्रुटीत तर पासवर्डाचीही गरज नव्हती. ‘आम्ही ३३८९ ऐवजी ४५१२३ ठेवलाय’ हे उत्तर फसवं आहे. एका पोर्टसाठी आयपीव्ही४ चं संपूर्ण इंटरनेट एका चांगल्या जोडणीवरून ४५ मिनिटांत चाळता येतं, हे झेडमॅप या पोर्ट चाळणाऱ्या प्रोग्रामने २०१३ मध्येच दाखवलं. आकडा बदलल्याने गर्दी कमी होते, शोधणारा शोधतोच.

या दोन्ही कामांना व्हीपीएन वापरा. पब्लिक आयपी असेल तर घरच्या राउटरवर किंवा छोट्या संगणकावर वायरगार्ड हा व्हीपीएन प्रोग्राम चालवा. राउटरमध्येच वायरगार्ड असेल तर वेगळा नियम लागत नाही. संगणकावर असेल तर एकच पोर्ट, यूडीपी ५१८२०, वळवायचा. वायरगार्ड अनोळखी पाकिटाला उत्तरच देत नाही, म्हणून पोर्ट तपासणारं संकेतस्थळ त्याला बंद म्हणेल. त्यावर जाऊ नका, खरा फोन मोबाइल डेटावरून जोडून बघा.

सीजीनॅटमागे असाल तर टेलस्केल ही व्हीपीएन सेवा. दुकानाचा संगणक आणि घरचा लॅपटॉप दोन्हींवर टाका, एकाच खात्यात लॉगिन करा, झालं. दोन्हीकडून जोडणी बाहेर जाते, त्यामुळे राउटरवर काहीच उघडावं लागत नाही, पब्लिक आयपीही लागत नाही. टेलस्केल उपकरणांना १०० ने सुरू होणारे पत्ते देतं. त्यावरून सीजीनॅटचा निष्कर्ष काढू नका, तो फक्त राउटरच्या वॅन पत्त्यावरून काढायचा. खरं तर भावंडांचं माइनक्राफ्टसुद्धा टेलस्केलवर चालतं. फक्त प्रत्येकाकडे ते टाकून द्यावं लागतं आणि नागपूरच्या पोरांना फोनवर समजवावं लागतं.

सेटिंग करताना यूपीएनपीचं पानही उघडून बघा. ते चालू असेल तर घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता पोर्ट उघडू शकतं. गेमिंग कन्सोल त्यावर अवलंबून असतात, म्हणून सरसकट बंद करा असं म्हणवत नाही. कन्सोल नसेल तर बंद करा, असेल तर तिथली यादी अधूनमधून बघा. यादीत कॅमेऱ्याचा पत्ता दिसला तर यूपीएनपी कॅमेऱ्यातच बंद करायचं. आणि राउटरचं ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंदच ठेवा.

आयपीव्ही६ची वाट

सीजीनॅटवरच्या पुष्कळ जोडण्यांवर आयपीव्ही६ चालू असतं, जिओवर तर असतंच. इथे नॅट नाही, प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो. म्हणून फॉरवर्डिंग नाही, फक्त राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या एका पत्त्याला, त्या एका पोर्टला परवानगी द्यायची. काही बॉक्सवर असा बारीक नियम करता येत नाही, संपूर्ण आयपीव्ही६ फायरवॉल चालू किंवा बंद एवढंच बटण असतं. ते बटण बंद केलं की घरातलं प्रत्येक उपकरण उघडं पडतं. अशा बॉक्सवर हा नाद सोडा.

विंडोजमध्ये एकाच जोडणीवर तीन-चार पत्ते दिसतील. एफई८० ने सुरू होणारा घराबाहेर चालत नाही. ‘टेम्पररी’ लिहिलेला बदलत राहतो. आकडा २ ने सुरू होणारा आणि ‘टेम्पररी’ नसलेला घ्या. समोरच्याकडेही आयपीव्ही६ असायला हवं, ही अट विसरू नका. चाचणीसाठी मोबाइल डेटा इथेही कामाला येतो.

सगळं जमलं की नियमाच्या पानाचा, राखीव पत्त्यांच्या पानाचा आणि वॅनच्या पानाचा एकेक फोटो काढून ठेवा. राउटरमध्ये ‘बॅकअप’ असेल तर फाईलही उतरवा, पण ती दुसऱ्या मॉडेलवर चालत नाही. ऑपरेटरचा लाईनमन बॉक्स बदलून गेला किंवा कंपनीने रात्रीतून फर्मवेअर चढवलं की नियम पुसले जाऊ शकतात, आणि तेव्हा हे फोटोच हाताशी असतात. आणि पोरांची सुट्टी संपली, सर्व्हर बंद केला, की नियमही काढून टाका. तो तसाच राहिला आणि १९२.१६८.१.५० वर पुढे दुसरा संगणक बसला, तर २५५६५ त्याच्याकडे वळत राहील.